यंत्राच्या हाती सुकाणू : घरी बांधलेल्या विमानातील स्वयंवैमानिक

चेन्नई शहराच्या जुन्या व्यापारी वस्त्यांपैकी जॉर्ज टाउन ही एक प्रमुख वस्ती होय. पूर्वेस बंदर, दक्षिणेस सेंट जॉर्ज किल्ला आणि मध्ये दाटीवाटीच्या गल्ल्या, असे तिचे स्वरूप आहे. मराठी वाचकास ही वस्ती अगदीच परकी नाही. तेथील तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरात १६७७ साली, दक्षिणेच्या स्वारीत असताना, छत्रपती शिवाजी महाराज दर्शनास आले होते, अशी परंपरा सांगितली जाते. विमानविद्येच्या इतिहासातही या परिसराचे नाव नोंदले गेले आहे. मात्र ते तितकेसे सर्वश्रुत नाही.

किल्ल्याच्या पलीकडे कूम नदीच्या पात्राने वेढलेले ‘आयलंड’ नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. १९१० सालच्या मार्च महिन्यात मद्रासच्या नागरिकांनी या मैदानावर पैसे मोजून एक नवल पाहिले. शहरातील एका हॉटेलचे मालक जाकोमो दांजेलिस यांनी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे एक द्विपंखी विमान तयार करविले होते. ते बांधले घोडागाड्या व मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या सिंप्सन कंपनीच्या कारागिरांनी. पल्लावरम येथे प्रथम त्याची चाचणी झाली आणि नंतर ते आयलंड मैदानावर लोकांसमोर आणण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे जुलै १९०९ मध्ये, ब्लेरिओने इंग्लिश खाडी विमानातून ओलांडली होती. ही घटना ध्यानात घेतली म्हणजे मद्रासच्या या उद्योगाचे साहस लक्षात येते.

कारखानदाराने नव्हे, तर हौशी माणसाने स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या खर्चाने विमान उभे करावे, ही परंपरा आपल्या देशात अशी जुनी आहे. ती अजून खंडित झालेली नाही. व्यवसायाने वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडण्यात आले, २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आणि २०१९ साली त्यास उड्डाणाची परवानगी मिळाली. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, अशी स्वनिर्मित विमाने हजारोंच्या संख्येने उडतात. त्यांच्या निर्मात्यांची संघटना तेथे १९५३ सालीच स्थापन झाली.

अशा विमानात आजकाल एक उपकरण हमखास बसविले जाते. त्यास इंग्रजीत ऑटोपायलट म्हणतात. मराठीत त्यास ‘स्वयंवैमानिक’ म्हणता येईल. हे उपकरण विमानात कसे बसवावयाचे आणि ते विश्वासास पात्र आहे हे कसे ठरवावयाचे, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे.

यंत्राची आवश्यकता का भासते?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. ते जुहू येथे उतरल्यावर त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी तेथून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले. वापरलेले विमान ‘पस मॉथ’ जातीचे, लहान, एका इंजिनाचे होते. त्यात स्वयंवैमानिक नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत वैमानिकाचा हात दांड्यावर आणि पाय सुकाणूच्या पायटीवर असत. नकाशा उलगडणे, घड्याळ पाहणे, इंधनाचा हिशेब करणे, ही सारी कामे उरलेल्या एका हाताने करावी लागत.

थकवा हे एक कारण झाले; परंतु त्याहून गंभीर कारण दुसरेच आहे. मनुष्याचा कान केवळ ऐकण्याचे इंद्रिय नाही. अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असून त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून शरीर कोणत्या बाजूस वळत आहे याचा बोध होतो. वळण एकाच गतीने काही काळ, सुमारे वीस सेकंद, चालू राहिले म्हणजे तो द्रव नलिकेच्या बरोबरीने फिरू लागतो आणि वळण थांबले असा भास होतो. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात, धुक्यात किंवा क्षितिज व पाणी एकाच करड्या रंगात मिसळून गेलेल्या समुद्रावर डोळ्यांना आधार उरत नाही. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, कोरोमंडल किनाऱ्यावर ही स्थिती दुर्मीळ नसते.

अशा वेळी काय घडते याचा एक प्रयोग १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस शिकाऊ वैमानिकांना, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशी योजना करून, विमान चालविण्यास सांगण्यात आले. वीसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. कोणाचा ताबा वीस सेकंदांत सुटला, कोणाचा आठ मिनिटांत; सरासरी निघाली १७८ सेकंद. बहुतेकांचे विमान नकळत एका बाजूस कलून, वेग वाढवीत, घिरट्या घेत खाली येऊ लागले होते.

तीन मिनिटांहून कमी असा हा अवधी आहे. ज्या यंत्रास ढग दिसत नाही आणि म्हणून जे ढगात गोंधळत नाही, असे एखादे यंत्र पंख समपातळीत ठेवण्यास जवळ असणे, हा एकट्या वैमानिकाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो.

भोवऱ्यापासून सिलिकॉनपर्यंत

फिरता भोवरा आपला आस सहजासहजी बदलू देत नाही, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. या गुणाचा उपयोग करून अमेरिकन संशोधक एल्मर स्पेरी यांनी प्रथम जहाजांसाठी घूर्णी, म्हणजे जायरोस्कोप, बनविली. त्यांचा पुत्र लॉरेन्स याने ती विमानात आणली. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझाँ येथे, सीन नदीवरून आपले उडते जहाज नेत असता, लॉरेन्सने दोन्ही हात दांड्यावरून काढून वर धरले. त्याच वेळी त्याचा यांत्रिक सहकारी एमिल काशाँ पंखावर चालत गेला. एका बाजूस भार पडूनही विमान कलले नाही. घूर्णीने बोध घेऊन पंखांच्या फळ्या हलविल्या होत्या. किनाऱ्यावरील परीक्षकांच्या दृष्टीने हा चमत्कारच होता.

१९३३ च्या जुलैत वायली पोस्ट याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती स्पेरी कंपनीच्या स्वयंवैमानिकाच्या साहाय्याने. त्यास ७ दिवस १८ तास ४९ मिनिटे लागली. या प्रवासात त्याच यंत्राच्या दुरुस्तीसाठी त्यास वाटेत थांबावेही लागले, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही. यंत्राने मदत केली आणि यंत्राने अडविलेही. स्वयंवैमानिकाच्या इतिहासातील या दोन्ही बाजू आजतागायत कायम आहेत.

आजच्या घरगुती विमानात धातूचा जड भोवरा नसतो. त्याच्या जागी सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. विमान वळले की त्या कंपनाची दिशा किंचित ढळते व तेवढ्यावरून वळण्याचा वेग मोजला जातो. हा तुकडा स्वस्त व हलका असला तरी त्याची चूक हळूहळू साठत जाते. म्हणून त्याच्या जोडीस ‘खाली’ कोणती बाजू हे सांगणारे त्वरणमापक, चुंबकीय दिशा सांगणारा चुंबकमापक, हवेचा दाब मोजून वेग व उंची सांगणारी उपकरणे आणि उपग्रहांकडून स्थान कळविणारा ग्राहक, अशी मंडळी असतात. प्रत्येकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशी ताडून पाहूनच गणकयंत्र आपला निष्कर्ष काढते.

स्वयंवैमानिकाची रचना अशा रीतीने तीन अंगांची असते : जाणणारे इंद्रिय, विचार करणारे गणकयंत्र आणि कृती करणारा हात. हा हात म्हणजे सर्व्हो नावाची विद्युत्-चलित्राची पेटी होय. बहुधा दोन सर्व्हो असतात. एक, पंखांच्या टोकांशी मागील कडेस असणाऱ्या एलेरॉन या फळ्या हलवून विमानास डावी-उजवीकडे कलवितो. दुसरा, शेपटीवरील एलेव्हेटर हलवून नाक वर-खाली करतो.

बसवणी : दुबळा हात हाच चांगला हात

कारखान्यात तयार झालेल्या विमानाच्या एका प्रकाराची परीक्षा एकदा कसून झाली म्हणजे त्या प्रकारच्या सर्व विमानांना तिचा लाभ मिळतो. घरी बांधलेल्या विमानाचे तसे नाही. एकाच आराखड्यावरून दोघांनी बांधलेली दोन विमाने वजनात, घर्षणात व तोलात सारखी नसतात. तेव्हा दुसऱ्याच्या विमानात उत्तम चाललेले यंत्र आपल्या विमानात तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. येथे निर्माता हाच परीक्षक असतो, आणि परीक्षकाची चूक भोगावयाची तीही त्यालाच.

बसवणीचा पहिला नियम असा की, सर्व्हो वैमानिकाहून दुबळा असला पाहिजे. त्याच्या आत घसरणारा क्लच असतो किंवा ठरावीक जोरास तुटणारी खीळ असते. हवेच्या दाबाविरुद्ध फळी हलविण्याइतका जोर त्यात हवा. परंतु वैमानिकाने दांडा निश्चयाने ओढला तर माघार घ्यावयाची ती सर्व्होने. जोर वाढवून ठेवला की काम अधिक चांगले होईल, असा मोह निर्मात्यास होतो. हा मोह घातक आहे. वेडे झालेले यंत्र बलवान असेल तर त्याचा प्रतिकार करता येत नाही.

दुसरा नियम भूमितीचा आहे. सर्व्होची भुजा एका कांडीने विमानाच्या दांड्याच्या यंत्रणेस जोडलेली असते. भुजा व कांडी एका सरळ रेषेत आली आणि त्या रेषेपलीकडे गेली, तर ती दारास अडसर लागावा तशी अडकून बसते. मग ना यंत्रास ती परतविता येते, ना वैमानिकास. यास्तव भुजा मध्यस्थितीपासून कोणत्याही बाजूस सुमारे साठ अंशांपलीकडे जाणार नाही अशी मापे धरावी लागतात आणि शिवाय पोलादी अटकाव बसवावा लागतो. ज्या पट्टीवर सर्व्हो बसविला ती पट्टी बोटाने दाबून वाकत असेल, अगर सांध्यात ढिलेपणा असेल, तर गणकयंत्राने दिलेली आज्ञा वाटेतच हरवते आणि विमान सतत डोलू लागते.

तिसरा नियम विजेचा. स्वयंवैमानिकास स्वतंत्र खटका हवा व तो वैमानिकास न पाहता सापडला पाहिजे. त्याव्यतिरिक्त दांड्याच्या मुठीवर एक बटण हवे. ते दाबताच यंत्राने दांडा सोडून द्यावा.

चौथा नियम चुंबकमापकाविषयी आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. पुढे शहरात ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले. त्या विद्युत्प्रवाहाने नाजूक मोजणी बिघडेल हे ओळखून १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली; दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवून, दोहोंतील फरक जाणून घेतल्यावर मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. विमानातही हेच करावयाचे असते. चुंबकमापक लोखंडी खिळ्यांपासून, दिव्यांच्या तारांपासून आणि स्वतः सर्व्होपासून दूर, बहुधा पंखाच्या टोकाकडे वा शेपटीकडे बसवितात. मग एकेक विद्युत् उपकरण चालू-बंद करून दर्शविलेली दिशा ढळते काय, हे पाहतात.

याच संदर्भात दक्षिण भारतातील वैमानिकास निसर्गाने एक सवलत दिली आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे चेन्नईस चुंबकसूचीचा झुकाव सुमारे दहा ते पंधरा अंशच असतो. लंडनला तो साठ अंशांहून अधिक असतो. झुकाव जितका कमी तितकी वळणात होणारी होकायंत्राची चूक कमी. तथापि चेन्नईत जुळवलेले विमान उत्तरेकडे दूर न्यावयाचे झाल्यास ही सवलत तेथे मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

जमिनीवरील परीक्षा

विमान हवेत नेण्यापूर्वी बहुतेक घोर चुका जमिनीवरच सापडतात. पहिली परीक्षा वीज बंद ठेवून करतात. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कोठे अडथळा किंवा घासण्याचा आवाज येतो काय, ते पाहतात. नंतर यंत्र चालू करून, ते दांडा धरून असतानाच, हाताने दांडा दोन्ही दिशांना ओढतात. किती जोर लागला हे स्प्रिंगच्या काट्याने मोजून वहीत लिहून ठेवतात.

दुसरी परीक्षा दिशेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची होय. सर्व्हो उलट्या तोंडाने बसविला गेला किंवा त्याच्या तारांची अदलाबदल झाली, तर यंत्र योग्य ओळखते आणि उलट करते. विमान डावीकडे कलले की ते आणखी डावीकडे लोटते. यासाठी जाणणारी पेटी हाताने डावीकडे कलवितात. त्या वेळी दांडा उजवीकडे गेला पाहिजे. पेटीचे नाक खाली केले की दांडा मागे आला पाहिजे. ही परीक्षा एकट्याने करू नये. एकाने पेटी कलवावी, दुसऱ्याने विमानाबाहेर उभे राहून फळी कोणीकडे हलली ते मोठ्याने सांगावे, अशी पद्धत आहे.

तिसरी परीक्षा नळ्यांची. उंची कळविणारी नळी जेथे सर्व्हो-यंत्रासाठी फोडून नवा सांधा बसविलेला असतो, तेथे सूक्ष्म गळती राहू शकते. नळीतील दाब किंचित कमी करून उंचीदर्शकाचा काटा एका जागी स्थिर राहतो काय, हे पाहिले की ती उघडकीस येते. चौथी परीक्षा नभोवाणी-संदेशाची. यंत्र चालू ठेवून रेडिओवर बोलण्याचे बटण दाबावे. त्या क्षणी दांडा थरथरला तर रेडिओलहरी तारांत शिरत आहेत असे समजावे. हीच परीक्षा इंजिन चालू असताना पुन्हा करतात, कारण इंजिनाच्या कंपनाने सिलिकॉनच्या तुकड्याची साक्षही बिघडू शकते.

आकाशातील परीक्षा

अमेरिकेत हौशी विमानास पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या निर्मनुष्य क्षेत्रावरच उडविण्याचा दंडक आहे. त्यामागील तत्त्व कोठेही लागू पडते : ज्याची खात्री पटलेली नाही त्याचा धोका इतरांच्या डोक्यावर असू नये. मीनांबाक्कमच्या गजबजलेल्या विमानतळाजवळ असले प्रयोग संभवतच नाहीत; ते महासंचालनालयाच्या परवानगीने, मोकळ्या क्षेत्रावर आणि पहाटेच्या स्थिर हवेतच करावयाचे. जमिनीपासून किमान तीन हजार फुटांची उंची ठेवावी, म्हणजे काही बिघडले तरी सावरण्यास वेळ मिळतो.

आरंभ सर्वांत सोप्या कामापासून होतो. विमान हाताने सरळ, समपातळीत व समतोल ठेवून मग केवळ पंख सरळ ठेवण्याचे काम यंत्राकडे सोपवितात; बोट मात्र मुठीवरील बटणावर असते. ते साधले म्हणजे एका दिशेने जाणे, नंतर उपग्रहाने दाखविलेल्या मार्गावर राहणे, त्यानंतर उंची कायम राखणे आणि सर्वांत शेवटी चढणे-उतरणे, असा क्रम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि प्रत्येक बदलाचा परिणाम लिहून ठेवावयाचा, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही मोडता कामा नये.

या टप्प्यावर यंत्राची ‘तत्परता’ जुळवावी लागते. विमान चार अंश कलले तर फळी किती हलवावी, हे प्रमाण निर्माता ठरवितो. प्रमाण फार कमी धरले तर यंत्र आळशी होते व विमान मार्गावरून सावकाश भरकटते. फार अधिक धरले तर नवशिक्या सायकलस्वारासारखी त्याची गत होते. डावीकडचा तोल सावरताना ते उजवीकडे कलते आणि उजवीकडचा सावरताना डावीकडे. शिवाय फळीवर पडणारा हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० नॉट वेगास जेवढा जोर, त्याच्या चौपट १२० नॉट वेगास. म्हणून मंद वेगात शांत वाटणारे यंत्र वेगात थरथरू लागते. किमान तीन वेगांवर, तसेच भार पुढे असताना व मागे असताना अशी प्रत्येक जुळणी तपासावी लागते. भार मागे गेला की विमानाचे नाक अधिक चंचल होते आणि पूर्वीचे प्रमाण निरुपयोगी ठरते.

मुद्दाम घडविलेले बिघाड

येथवर यंत्र नीट चालते हे सिद्ध झाले. परंतु परीक्षेचा खरा भाग यानंतर सुरू होतो. ते कसे बिघडते आणि बिघडल्यावर मनुष्यास किती वेळ देते, हे पाहणे तो भाग होय.

पहिला प्रयोग असा. उंची राखण्याचे काम यंत्राकडे असताना इंजिनाची शक्ती हळूहळू कमी करावी. शक्ती घटल्यामुळे विमान खाली जाऊ पाहते. यंत्रास फक्त उंची ठाऊक असल्याने ते नाक वर उचलते. वेग कमी होतो, यंत्र नाक आणखी उचलते. अखेर पंखावरील हवेचा प्रवाह सुटून विमान कोसळण्याची स्थिती येते. यंत्राने आपली आज्ञा अगदी प्रामाणिकपणे पाळलेली असते. म्हणून ठरावीक किमान वेगाखाली यंत्र उंचीचा हट्ट सोडते काय, हे भरपूर उंचीवर तपासून घ्यावेच लागते.

दुसरा प्रयोग, यंत्राची वीज अकस्मात तोडणे. विमानाचा तोल आधीच बिघडलेला असेल तर यंत्राने तो आपल्या जोराने झाकून ठेवलेला असतो. यंत्र सुटताच विमान एकदम उसळी घेते. तिसरा प्रयोग, उपग्रहांचा संकेत बंद करणे. अशा वेळी यंत्र पंख सरळ ठेवून वैमानिकास सूचना देते की मुकाट्याने भरकटते, हे जाणून घ्यावयाचे असते. चौथा प्रयोग सर्वांत कठीण : सर्व्होस एका टोकास पूर्ण जोर लावण्याची आज्ञा देणे. प्रमाणित विमानांच्या चाचणीत, समपातळीच्या उड्डाणात बिघाड ध्यानात आल्यावर तीन सेकंद थांबून मगच सावरावे, अशी प्रथा आहे. कारण खऱ्या प्रवासात वैमानिक नकाशा पाहत असतो. त्याचा हात तत्काळ दांड्यावर येत नाही. तीन सेकंदांत विमान किती कलले व किती उंची गमावली, यावरून हे यंत्र जमिनीच्या किती जवळ वापरावे, याची मर्यादा ठरते.

ही दक्षता अनाठायी नाही, हे दोन दुर्घटनांवरून दिसून येईल. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ एका प्रवासी विमानाचे सर्व वैमानिक एका न पेटणाऱ्या लहान दिव्याच्या विवंचनेत गुंतले होते. उंची राखण्याचे काम स्वयंवैमानिकाकडे होते. दांड्यास धक्का लागून ते काम नकळत सुटले व विमान सावकाश खाली येत दलदलीत कोसळले. १०१ माणसे मृत्युमुखी पडली. यंत्राने घात केला नव्हता. यंत्र काम करीत नाही हे कोणास कळले नव्हते. दुसरी घटना मुंबईची. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सांताक्रूझहून निघालेले ‘सम्राट अशोक’ हे बोइंग विमान काही क्षणांतच वांद्र्यासमोरील समुद्रात पडले आणि त्यातील सर्व २१३ जण मरण पावले. विमानाचा कल दर्शविणारे मुख्य वैमानिकासमोरील उपकरण बिघडले होते. बाहेर काळोख होता. उपकरण सांगत होते की विमान उजवीकडे कलले आहे. प्रत्यक्षात तसे नव्हते, आणि वैमानिक ते डावीकडे वळवीत गेले. तेथे दांडा माणसाच्या हाती होता. तोच यंत्राच्या हाती असता आणि यंत्रास हीच एक खोटी साक्ष मिळाली असती, तर यंत्रानेही नेमके तेच केले असते. म्हणून एकाच उपकरणाच्या साक्षीवर विसंबू नये, हा धडा मनुष्यास लागू आहे तसाच यंत्रासही लागू आहे.

निर्मात्याची वही

या सर्व परीक्षा संपल्यावर निर्मात्याच्या हाती एक वही उरते. कोणत्या वेगास कोणते प्रमाण, सर्व्होच्या विरोधास किती जोर, कोणत्या उंचीखाली यंत्र बंद, वीज गेल्यास काय घडते, या साऱ्याची नोंद तिच्यात असते. विमान पुढे दुसऱ्याच्या हाती गेले तर त्या माणसास यंत्रापेक्षाही ही वही अधिक उपयोगी पडते. इंजिन बदलले, नवा रेडिओ बसविला किंवा पंखाच्या टोकास दिवा लावला, तर संबंधित परीक्षा पुन्हा केल्या पाहिजेत, हेही ती वहीच सांगते.

मद्रास परिसरातील ज्या पल्लावरमला १९१० साली दांजेलिस यांचे विमान जमिनीवरून उचलले गेले, त्याच्या लगतच क्रोमपेट येथे १९४९ साली मद्रास तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी विमानविद्येचे शिक्षण घेतले ते याच संस्थेत. वैमानिक नसलेल्या विमानांवर तेथे पुढे संशोधन झाले. त्या विमानांत तर यंत्राकडून दांडा काढून घेणारा हातच आत नसतो. म्हणून त्यांच्या परीक्षा अधिकच कठोर असाव्या लागतात. घरी बांधलेल्या विमानात मात्र तो हात असतो आणि निर्मात्याने त्याचे महत्त्व कधीही कमी होऊ देऊ नये. स्वयंवैमानिक थकत नाही, घाबरत नाही, ढगात त्यास भास होत नाही. परंतु आपण कोठे चाललो आहोत आणि कशासाठी, हे त्यास ठाऊक नसते. ज्याची आज्ञा एका बटणाने परत घेता येते आणि ज्याचा जोर एका हाताने मोडता येतो, असाच सोबती एकट्या वैमानिकाने आपल्या शेजारी बसवावा. तो तसा आहे की नाही, हे विकत घेताना मिळालेल्या कागदावरून कळत नाही. आपल्याच विमानात, आपल्याच हाताने त्याला चुकावयास लावून ते पाहावे लागते.